ऑनलाइन वाद दर वेळी तिथेच अडकतो: बिघाड शोधायचा कसा, काढायचा कसा

लक्षणं

विषय कुठलाही असो, पाच-सहा प्रतिक्रियांत मूळ मुद्दा गायब. तुम्ही एक म्हणता, समोरचा भलत्यालाच उत्तर देतो. तुम्ही पुरावा दिलात की प्रश्नच बदलतो. मग कोणीतरी तुमचा जुना मजकूर उकरून काढतं, कोणीतरी ‘हा तर्कदोष आहे’ असा शेरा मारतं, आणि दोन्हीकडची मंडळी आपणच जिंकलो या समजुतीत बाहेर पडतात. आठवड्याभराने तोच विषय, तीच माणसं, तेच सगळं पहिल्यापासून.

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे तर्कदोषांची, म्हणजे युक्तिवादातल्या नेहमीच्या चुकांची, यादी पाठ करा. हा उपाय अर्धवट आहे, आणि बऱ्याचदा त्याने दुखणं वाढतं. नावं पाठ झालेल्या माणसाच्या हाती शिक्के येतात आणि तो दिसेल तिथे ते मारत सुटतो. खरं काम वेगळं आहे: समोरच्याचा दावा आणि त्याने दिलेलं कारण यांचा सांधा नेमका कुठे निखळलाय ते शोधणं आणि तेवढ्याचबद्दल बोलणं. त्यासाठी नाव माहीत नसलं तरी चालतं.

सगळ्यात आधी: हा वाद तरी आहे का?

गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या प्राचीन भारतीय ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. वादात दोघांनाही खरं काय ते शोधायचं असतं. जल्पात जिंकायचं असतं, त्यासाठी शब्दच्छलही चालतो. वितंडा करणारा स्वतःचं काहीच मांडत नाही, समोरच्याचं तेवढं पाडतो. पहिली चाळणी म्हणून ही विभागणी आजही उत्तम चालते, कारण तिन्ही ठिकाणी करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

ओळखायला दोन प्रश्न पुरतात. ‘तुमचं स्वतःचं म्हणणं एका वाक्यात सांगाल का?’ आणि ‘काय दिसलं तर तुमचं मत बदलेल?’ दोन्हींना उत्तर आलं, मग ते कितीही तिरकं का असेना, तर समोर वाद करायला तयार असलेला माणूस आहे. म्हणणं ठामपणे सांगितलं, पण ‘काहीही दाखवा, मत बदलणार नाही’ असं आलं, तर जल्प. दोन्ही प्रश्न टाळून तुमच्यावरच तिसरा प्रश्न उलटला, तर वितंडा. एकदा पुन्हा विचारून पाहा. त्यापुढे नको.

जल्प म्हणजे वाईटच, असं मात्र नाही. अंकुराच्या रक्षणासाठी भोवती काटेरी फांद्या लावतात, तसे जल्प आणि वितंडा तत्त्वाच्या रक्षणासाठी असतात, असं न्यायसूत्रांतच म्हटलं आहे. चारचौघांत कोणी धडधडीत खोटं पसरवत असेल तर उत्तर द्यावंच लागतं. फक्त तेव्हा आपण त्या माणसाशी बोलत नसून गप्प बसून वाचणाऱ्यांशी बोलतोय हे लक्षात ठेवायचं. त्याला पटलं नाही म्हणून रात्री बारापर्यंत उत्तरं टाइप करत बसण्याची गरज मग उरत नाही.

नमुना: बिघाड कुठल्या ओळीत आहे?

शाळेत मोबाइल असावा का, या विषयावरचा हा संवाद मी नमुन्यासाठी रचला आहे. असे तुम्ही ढिगाने वाचले असतील.

पहिला: वर्ग चालू असताना मोबाइल बंद ठेवायला लावावा. सुट्टीत वापरला तर हरकत नाही.
दुसरा: म्हणजे मुलांना तंत्रज्ञानापासून तोडायचं. मग खडू-फळ्यावरच ठेवा त्यांना.
पहिला: तोडायचं कुठे म्हटलं मी? मीही तंत्रज्ञान वापरतोच की.
दुसरा: बरं, मोबाइलमुळे लक्ष उडतं याला पुरावा काय?
पहिला: हा अभ्यास वाचा.
दुसरा: हा एकाच शाळेतला आहे.
पहिला: हा घ्या मोठा, पुष्कळ शाळांमधला.
दुसरा: अभ्यासाने काय होतंय? प्रत्येक मूल वेगळं असतं.
पहिला: तुम्ही कधी वर्गात शिकवलंय का?
दुसरा: स्वतः दिवसभर ऑनलाइन असता आणि मुलांना उपदेश!

कुठे बिनसलं असं विचारलं तर बहुतेक जण शेवटच्या दोन ओळींवर बोट ठेवतात, कारण त्या झोंबतात. पण बिघाड वरून दुसऱ्या ओळीतच झालाय. ‘वर्ग चालू असताना बंद’ याचं ‘तंत्रज्ञानापासून तोडणं’ झालं आणि पहिल्याने ते सुधारण्याऐवजी स्वतःची बाजू सावरायला सुरुवात केली. ‘मीही वापरतोच की’ या वाक्याने चर्चा धोरणावरून त्याच्यावर आली, आणि शेवटच्या टोमण्याचा दारूगोळा त्यानेच पुरवला.

आता दुसऱ्याच्या बाजूनेही बघा. पुरावा मागणं रास्त होतं. एकाच शाळेतल्या अभ्यासावर विसंबू नये, हेही रास्त. एका शितावरून भाताची परीक्षा होते, माणसांची होत नाही. गडबड त्याच्या पुढच्या उत्तरात आहे. मोठा अभ्यास समोर आल्यावर ‘अभ्यासाने काय होतंय’ म्हणायचं असेल, तर आधी पुरावा मागायचाच नव्हता. आणि पहिल्याचा ‘तुम्ही शिकवलंय का?’ हा प्रश्न साफ गैरलागू आहे. न शिकवलेल्या माणसाचाही मुद्दा बरोबर असू शकतो.

असा सराव स्वतःसाठी जरूर करा. एखादी जुनी चर्चा उघडा आणि आपल्याला राग आलेली ओळ सोडून त्याच्या वरच्या ओळी तपासा. बिघाड बहुतेकदा तिथे सापडतो.

बिघाड १: न बोललेल्या वाक्याला उत्तर

सगळ्यात जास्त वेळ याच्यात जातो, म्हणून इथे जरा थांबू. इंग्रजीत याला स्ट्रॉमॅन म्हणतात. आपल्याकडे साप साप म्हणून भुई धोपटणं आहेच. खुणा ठरलेल्या: उत्तराची सुरुवात ‘म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय की’ ने होते, तुमच्या वाक्यातले ‘काही’, ‘बहुधा’, ‘वर्ग चालू असताना’ असे मर्यादा घालणारे शब्द उडालेले असतात, आणि त्यांच्या जागी ‘सगळे’, ‘कधीच’, ‘पूर्ण’ हे शब्द आलेले असतात.

यावर ‘मी असं म्हटलंच नाही’ एवढंच लिहून भागत नाही. त्याने वाद तुम्ही काय म्हणालात यावर सुरू होतो आणि तो कधी संपत नाही. त्याऐवजी आपलं मूळ वाक्य जसंच्या तसं पुन्हा चिकटवा आणि विचारा: ‘यातला कुठला भाग तुम्हाला पटत नाही, वर्गात बंद ठेवण्याचा की सुट्टीत सूट देण्याचा?’ आता समोरच्याला खऱ्या वाक्याला हात घालावा लागतो. तो पुन्हा टाळत असेल तर ते वाचणाऱ्यांना आपोआप दिसतं, तुम्हाला ओरडून सांगावं लागत नाही.

स्वतःच्या बाजूने काळजी घ्यायची ती अशी: टीका करण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याला ‘हो, हेच म्हणायचं होतं’ वाटेल अशा शब्दांत लिहा. अनातोल रापोपोर्ट यांच्या नावाने हा नियम हल्ली प्रसिद्ध आहे. न्यायसूत्रांत तर त्याची उलट बाजू थेट पराभवात मोजली आहे. प्रतिपक्षाचं म्हणणं सभेला कळलंय, तीनदा सांगून झालंय, तरी तुम्हाला ते पुन्हा मांडता येत नसेल तर ते ‘अननुभाषण’, म्हणजे तुम्ही हरलात. हा नियम आज कुठल्याही ग्रुपवर लावला तर निम्म्या चर्चा पहिल्या उत्तरातच निकालात निघतील.

बिघाड २: दावाच जागा बदलतो

याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत समोरचा तुमच्या पुराव्याची अट वाढवत नेतो. एक अभ्यास दिला की दोन हवेत, दोन दिले की ताजे हवेत. उपाय पुरावा देण्याआधीचा आहे: ‘असा असा पुरावा दाखवला तर मान्य कराल ना?’ हे आधी कबूल करून घ्या. नंतर विचारून उपयोग नाही.

दुसरी तऱ्हा जास्त धूर्त आहे. आधी मोठा दावा ठोकायचा, ‘सगळ्या बातम्या विकत घेतलेल्या असतात’. कोणी धरलं की छोट्या दाव्यात शिरायचं, ‘माध्यमांवर पैशाचा प्रभाव पडतो एवढंच म्हणतोय’. आणि वातावरण निवळलं की पुन्हा मोठ्या दाव्यावर यायचं. तत्त्वज्ञ निकोलस शॅकेल यांनी २००५ साली या चालीला मध्ययुगीन किल्ल्यावरून ‘मॉट अँड बेली’ हे नाव दिलं: बेली म्हणजे राहायला सोयीचं पण राखायला अवघड अंगण, मॉट म्हणजे हल्ला झाला की आसरा घ्यायचा उंचवटा. इथे छोट्या दाव्याशी भांडू नका, तो बहुधा खराच असतो. तो मान्य करा आणि विचारा: ‘मग वरचं “सगळ्या” मागे घेताय ना?’ हो किंवा नाही, दोन्ही उत्तरांनी काम होतं.

आणि आधीचा मजकूर गुपचूप बदलून ‘मी तसं म्हटलंच नव्हतं’ म्हणणारेही भेटतात. स्वतःचंच विधान नाकारण्याला न्यायसूत्रांत ‘प्रतिज्ञासंन्यास’ म्हटलं आहे. उत्तर देताना ज्या वाक्याला उत्तर देताय ते वाक्य उद्धृत करायची सवय लावा, म्हणजे पुढची कटकट वाचते.

बिघाड ३: ‘सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे’

हे वाक्य खरं आहे. कावळा बसला आणि फांदी तुटली, म्हणून कावळ्याने फांदी तोडली असं होत नाही. पण ऑनलाइन वादात हे वाक्य प्रश्न म्हणून येण्याऐवजी चर्चेला कुलूप म्हणून येतं. कोणी कुठलीही आकडेवारी द्यावी आणि कोणीतरी हे वाक्य फेकून निघून जावं.

याचं एक मोठं उदाहरण इतिहासात आहे. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतल्या रुग्णांची तुलना करून सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. १९५१ पासून त्यांनी सुमारे ४०,००० ब्रिटिश डॉक्टरांच्या सवयींची नोंद घेऊन पुढे त्यांच्यातले मृत्यू तपासायला सुरुवात केली. याला विरोध करणाऱ्यांत रोनाल्ड फिशर होते, आधुनिक संख्याशास्त्राच्या पायाभरणीतलं सर्वांत मोठं नाव. त्यांचं म्हणणं, कदाचित एखादी आनुवंशिक गोष्ट माणसाला धूम्रपानाकडेही ओढत असेल आणि कर्करोगाकडेही; मग सिगारेटला दोष का द्यायचा?

शंका तर्काने निर्दोष होती. तिला मिळालेलं उत्तर शिकण्यासारखं आहे. संख्याशास्त्रज्ञ जेरोम कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९५९ साली हिशेब मांडला: धूम्रपान करणाऱ्यांचा धोका नऊपट असेल आणि तो सगळा एखाद्या लपलेल्या कारणामुळे असेल, तर ते कारण धूम्रपान करणाऱ्यांत इतरांपेक्षा किमान नऊपट जास्त आढळायला हवं. असं काही कोणाला दाखवता आलं नाही. त्यातच जास्त ओढणाऱ्यांत धोका जास्त आणि सोडलेल्यांत कमी, हेही दिसत होतं. १९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुखाच्या, अहवालाने सिगारेटला कारण ठरवलं.

तेव्हा कोणी हे वाक्य फेकलं की चिडू नका, पुढचे दोन प्रश्न विचारा. तुमच्या मते दुसरं कोणतं कारण आहे? आणि ते एवढा मोठा फरक पडण्याइतकं मोठं आहे का? उत्तर असेल तर चर्चा खरंच पुढे जाते. आपण स्वतः आकडेवारी देत असू तर हे प्रश्न आधी स्वतःलाच विचारावेत, हे वेगळं सांगायला नको.

बिघाड ४: माणूस आणि मुद्दा

फिशर यांची गोष्ट इथेही उपयोगी पडते. ते तंबाखू उत्पादकांच्या संघटनेचे सल्लागार होते आणि स्वतः पाइप ओढत. हे सांगणं म्हणजे वैयक्तिक हल्ला का? त्यांचं विधान केवळ त्यांच्या शब्दावर मानायचं असेल, तर हितसंबंध सांगणं योग्यच आहे, किंबहुना गरजेचं आहे. पण त्यांनी युक्तिवाद मांडला असेल तर तो पाइपच्या धुराने खोटा ठरत नाही. तो कॉर्नफील्ड यांच्यासारखा हिशेब मांडूनच पाडावा लागतो.

अधिकारी व्यक्तीचा हवाला देण्यालाही हीच कसोटी लावा. तज्ज्ञाचा शब्द हा पुरावा असतो, पण त्याच्या क्षेत्रापुरता, आणि त्या क्षेत्रातले बाकीचे काय म्हणतात ते पाहून. लायनस पॉलिंग यांना रसायनशास्त्राचं आणि शांततेचं अशी दोन नोबेल मिळाली होती. म्हणून सर्दीवर ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेचा त्यांचा दावा आपोआप सिद्ध झाला नाही. उलट टोकाला जाऊन ‘तज्ज्ञांचा हवाला म्हणजे तर्कदोषच’ म्हणणारे आहेत. त्यांनी मग प्रत्येक औषध स्वतःच तपासून घ्यावं.

बिघाड ५: ‘आणि त्यांचं काय?’

तुम्ही एका गटाची चूक दाखवता, लगेच दुसऱ्या गटाची त्याहून मोठी चूक समोर येते. आपल्यावरचा आक्षेप न खोडता ‘हाच दोष तुमच्यातही आहे’ म्हणणं याला न्यायसूत्रांत ‘मतानुज्ञा’ असं नाव आहे आणि तेही तिथल्या यादीतल्या पराभवाच्या २२ स्थानांपैकी एक मानलं गेलंय. कारण सोपं आहे: समोरच्याचा दोष दाखवताना तुम्ही स्वतःचा कबूल करून बसलेला असता.

पण प्रत्येक ‘त्यांचं काय?’ फेटाळू नका. प्रश्न निकषाचा असेल, म्हणजे ‘हाच नियम तुम्ही तिकडे का लावत नाही?’ असा असेल, तर तो वाजवी आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. सगळ्यात छोटं उत्तर असं: ‘तेही चूकच. आता याबद्दल बोलू.’ पहिल्या दोन शब्दांशिवाय दुसरं वाक्य लिहिलंत तर मात्र तुम्ही पळ काढताय असं दिसेल, आणि ते बरोबरच दिसेल.

बाकीचे भराभर. ‘एकतर हे, नाहीतर ते’ असं कोणी म्हटलं की तिसरा पर्याय लिहा, चर्चा तिथेच सैल होते. ‘खोटं असल्याचं सिद्ध करा’ म्हणणाऱ्याला, दावा ज्याचा पुरावा त्याचा, एवढंच सांगा. ‘आज हे चालवून घेतलं तर उद्या काय काय होईल’ हा मुद्दा नेहमी चुकीचा नसतो. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, ही भीती कधी कधी खरी असते. तिथे प्रत्येक पायरीवरून पुढच्या पायरीवर गोष्ट कशी जाईल ते विचारा. मधल्या पायऱ्या सांगता आल्या नाहीत तर घसरण फक्त बोलण्यात आहे.

उपायच बिघडतो तेव्हा

तर्कदोष ओळखता यायला लागल्यावर होणारं नवं दुखणं म्हणजे सगळीकडे तेच दिसणं. निष्कर्षाचं कारण चुकीचं दिलं म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. ‘माझे आजोबा सांगायचे म्हणून पृथ्वी गोल आहे’ हे कारण लंगडं आहे, पण पृथ्वी गोलच आहे. शिवाय दोष नसताना दोष आहे म्हणणं हासुद्धा गौतमाच्या त्याच यादीतला पराभव आहे, ‘निरनुयोज्यानुयोग’. खोट्या आरोपाची किंमत आरोप करणाऱ्याने मोजायची, ही अट मला फार आवडते.

म्हणून साधा नियम: उत्तरात तर्कदोषाचं नाव लिहायचंच नाही. ‘हा अॅड होमिनेम (मुद्दा सोडून माणसावर हल्ला) आहे’ ऐवजी ‘मी शिक्षक नसलो तरी हा अभ्यास खरा की खोटा, एवढं सांगा’. शिक्का मारला की समोरचा शिक्क्याशी भांडतो. नेमकी उणीव दाखवली की निदान उणिवेशी भांडतो.

एकदम वीस मुद्दे अंगावर आले तर

अर्धवट आकडे, तुटक दुवे, जुने फोटो, सगळं एका दमात टाकणारा माणूस भेटतोच. १९९४ साली युजेनी स्कॉट यांनी याला ‘गिश गॅलप’ नाव दिलं, आणि अल्बेर्तो ब्रँडोलिनी यांचं २०१३ चं विधानही प्रसिद्ध आहे: बाष्कळपणा खोडायला तो निर्माण करण्यापेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते. वीसही मुद्द्यांना उत्तर देण्याच्या फंदात पडू नका, तुमची एकोणीस उत्तरं चांगली असली तरी विसावं कच्चं उत्तर तेवढं उचललं जाईल. त्यालाच निवडायला सांगा: ‘यातला सगळ्यात भक्कम मुद्दा कुठला? तो घेऊ.’ त्याने निवडला नाही तर तुम्ही एक निवडा, पूर्ण तपासा, दुव्यासकट लिहा आणि थांबा.

पुरावा दाखवला की लोक उलट जास्तच हट्टाला पेटतात, तेव्हा उत्तर देण्यात अर्थ नाही, असंही ऐकू येतं. २०१० च्या एका अभ्यासावरून हे मत पसरलं. पुढे थॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी दहा हजारांहून जास्त लोकांवर ५२ विषय घेऊन तपासलं, आणि २०१९ मध्ये छापलेल्या त्या कामात असा उलटा परिणाम जवळपास दिसलाच नाही. लोक मतं सहजी बदलत नाहीत हे खरं, पण दुरुस्त केलेली माहिती बऱ्यापैकी स्वीकारतात.

बाहेर कसं पडायचं

‘मला कामं आहेत, तुमच्यासारखा वेळ नाही’ म्हणत निघून जाणं टाळा. कामाचं निमित्त सांगून चर्चा मोडणं याला ‘विक्षेप’ म्हणतात, आणि हो, तोही त्या बावीसांत आहे. थांबायचं ठरलं की तीन वाक्यांची एक शेवटची प्रतिक्रिया लिहा: आपलं म्हणणं काय होतं, समोरच्याचा कुठला भाग आपल्याला पटला, आणि कुठला प्रश्न अनुत्तरित राहिला. टोमणा नको, ‘असो’ नको. मग त्या चर्चेच्या सूचना बंद करून टाका, कारण पुढची प्रतिक्रिया दिसली की हात शिवशिवतातच.